सांगणे आणि विचारणे

(द्वितीय वर्ष कला)

माणूस तोंड उघडतो ते बहुधा दोन कारणांसाठी. त्याला काही सांगायचे असते, नाही तर काही विचारायचे असते. व्याकरणकारांनी पहिल्याला विधान म्हटले, दुसऱ्याला प्रश्न. आज्ञा आणि उद्गार हे आणखी दोन प्रकार आहेत; पण दिवसभराच्या बोलण्याचा हिशेब मांडला तर मोठा वाटा या दोघांचाच निघेल. प्रस्तुत लेखात इंग्रजी भाषा विधानाचा प्रश्न कसा करते, आणि आपल्या मराठी माणसाची तेथे नेमकी कोठे अडचण होते, हे पाहावयाचे आहे. उदाहरणे देवनागरीतच दिली आहेत. कारण स्पेलिंगपेक्षा शब्दांचा क्रम कानाला लागणे येथे अधिक महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्यामुळे आज द्वितीय वर्षात असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे इंग्रजीचे हे चौदावे वर्ष आहे. प्रभू रामचंद्रांचा वनवासही एवढाच होता! या चौदा वर्षांत आपण इंग्रजीतून हजारो उत्तरे लिहिली. प्रश्न मात्र नेहमी दुसऱ्याने काढलेला असे, आणि उत्तराचे निम्मे शब्द त्या प्रश्नातच मिळत. अधोरेखित शब्द उत्तरात येईल असा प्रश्न तयार करा, एवढाच काय तो प्रश्न करण्याचा सराव. आणि तोही गुणांपुरता. परिणाम असा, की तासाच्या शेवटी सरांनी ‘एनी डाउट्स?’ म्हटले की वर्गात सुई पडली तरी ऐकू यावी. शंका नसतात असे नाही. पण शंका मनात मराठीत असते, आणि तिला इंग्रजी प्रश्नाचा अंगरखा चढवीपर्यंत सर हजेरीपट उचलून निघालेले असतात.

प्रथम आपल्या घरचे पाहू. ‘बाबा शेतावर गेले.’ हे विधान झाले. याचा प्रश्न करायला मराठीला काय लागते? एक तर नुसता सूर चढवला तरी पुरते : ‘बाबा शेतावर गेले?’ नाही तर शेवटी एक ‘का’ जोडावा : ‘बाबा शेतावर गेले का?’ वाक्यातील एकही शब्द जागचा हलला नाही. हिंदी हेच काम सुरुवातीला ‘क्या’ ठेवून करते. दोन्ही भाषांत विधानाचे घर आहे तसेच राहते. फक्त त्यावर प्रश्नाची पाटी लागते.

आता या ‘का’ची गंमत पाहा. ‘तू आलास का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. पण तोच ‘का’ उचलून क्रियापदाच्या आधी ठेवला, की ‘तू का आलास?’ आणि आता कारण द्यावे लागते. पाहुण्याला दारात पहिला प्रश्न विचारला तर ते स्वागत. दुसरा विचारला तर तो परत जाईल. म्हणजे शब्दाच्या जागेवरून अर्थ बदलणे हा प्रकार मराठीला अगदीच परका नाही. मराठीत तो एखाद्या ठिकाणी दिसतो. इंग्रजीत प्रश्नाचा सारा संसारच त्यावर उभा आहे.

इंग्रजी विधानात साधारणपणे आधी कर्ता, मग क्रियापद. ‘ही इज ए फार्मर.’ प्रश्न करताना ‘इज’ कर्त्याच्या पुढे जाऊन बसतो : ‘इज ही ए फार्मर?’ ‘यू कॅन स्विम.’ याचा ‘कॅन यू स्विम?’ होतो. विल, शुड, मे, मस्ट ही सारी सहायक क्रियापदे याच रीतीने वागतात. एकाहून अधिक सहायक क्रियापदे असली तर त्यांतील पहिलेच हलते. ‘द रोड हॅज बीन रिपेअर्ड.’ प्रश्न : ‘हॅज द रोड बीन रिपेअर्ड?’ ‘बीन’ जागीच राहिला. वरातीत घोड्यावर एकच बसतो, बाकीची मंडळी पायीच चालतात, तसा हा प्रकार आहे.

येथपर्यंत गाडी सुरळीत चालते. ती अडते ती विधानात सहायक क्रियापदच नसेल तेव्हा. ‘शी सेल्स मिल्क.’ येथे पुढे कोणाला पाठवायचे? ‘सेल्स शी मिल्क?’ असे आजचे इंग्रजी म्हणू देत नाही. मग इंग्रजी भाषा बाहेरून एक गडी बोलावते. तो गडी म्हणजे ‘डू’. ‘डज शी सेल मिल्क?’ या ‘डज’ला येथे स्वतःचा असा काही अर्थ नाही. मराठीत भाषांतर करताना आपण त्याला शब्दच देत नाही. तो केवळ कर्त्याच्या पुढची रिकामी जागा भरण्यासाठी आलेला असतो. नकारातही हाच कामाला येतो : ‘शी डज नॉट सेल मिल्क.’

आणि येथेच आपल्यातील पुष्कळांच्या वहीवर लाल शाईची रेघ पडते. ‘डज शी सेल्स मिल्क?’ किंवा ‘डिड ही वेंट?’ असे लिहिले जाते. नियम पाठ असतो, पण त्यामागचे कारण कोणी सांगितलेले नसते. कारण सोपे आहे. इंग्रजी वाक्यात काळाची खूण एकदाच करायची असते. विधानात ती खूण मुख्य क्रियापदाने वागवलेली असते : सेलचे सेल्स झाले, गोचे वेंट झाले. प्रश्नात ‘डू’ आला की ते ओझे त्याच्या खांद्यावर जाते. डूचे डज किंवा डिड होते आणि मुख्य क्रियापद मोकळे होऊन मूळ रूपात उभे राहते. एकच शिदोरी दोघांच्या डोक्यावर कशी असेल? एवढे लक्षात ठेवले की ‘डिड ही गो?’ हेच बरोबर का, हे पाठ करावे लागत नाही.

हा ‘डू’ इंग्रजीत पहिल्यापासून नव्हता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. जुन्या इंग्रजीत कोणतेही क्रियापद सरळ कर्त्याच्या पुढे जाऊ शके. तिची नात्यातील जर्मन भाषा आजही तसेच करते. ‘तू येतोस का?’ याला जर्मनमध्ये ‘कॉम्स्ट दू?’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘येतोस तू?’ पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीत हा ‘डू’ प्रश्नांत हळूहळू शिरला. अल्व्हार एलेगॉर्ड नावाच्या स्वीडिश अभ्यासकांनी जुन्या ग्रंथांतील हजारो वाक्ये तपासून आणि मोजून हा प्रसार दाखवून दिला. त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. शेक्सपिअर (१५६४–१६१६) नेमका या संधिकाळातला. म्हणून त्याच्या नाटकांत दोन्ही तऱ्हेचे प्रश्न भेटतात, डू असलेले आणि डू नसलेले. आपण ‘जुनी इंग्रजी कठीण’ म्हणून ती नाटके बाजूला ठेवतो. वस्तुतः प्रश्नांच्या बाबतीत तिथली जुनी वाक्ये आजच्यापेक्षा सोपी आहेत!

पुढे मुख्य क्रियापदांचा हा पुढे जाण्याचा हक्क गेला, पण ‘बी’ची रूपे आणि इतर सहायक क्रियापदे यांनी तो सोडला नाही. ‘हॅव’चे तर आपल्यासमोरच दोन्ही डगरींवर पाय आहेत. ‘हॅव यू ए पेन?’ हा जुन्या वळणाचा ब्रिटिश प्रश्न. ‘डू यू हॅव ए पेन?’ हा आज सर्रास चालणारा. एखाद्या जुन्या पुस्तकात पहिला दिसला तर तो छापण्यातील दोष समजू नये.

इंग्रजीचा हा इतिहास वाचताना मला एका गोष्टीने धीर दिला. ज्या भाषेच्या व्याकरणाला आपण एवढे भितो, तिचे स्वतःचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने लिहिले ते १५८६ साली. तोपर्यंत व्याकरण म्हणजे लॅटिनचे, असाच समज होता. इंग्रजीला कसले आले आहे व्याकरण! आपल्याकडेही व्याकरण म्हणजे संस्कृतचे हीच समजूत होती, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले ते १८३६ साली. म्हणजे इंग्रजीही एके काळी मोठ्या घरात भीतभीत पाऊल टाकणारी भाषा होती.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांकडे वळू. ज्यांचे उत्तर हो-नाहीत देता येत नाही, असे हे प्रश्न. मराठीत त्यांचे शब्द पाहा : कोण, काय, कोठे, केव्हा, कसा, किती, का. सारे ‘क’चे कुटुंब. इंग्रजीत हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ. ही दोन कुटुंबे दिसायला वेगळी; पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ती एकाच मूळ पुरुषाची आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असा विचार मांडला. पुढे याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये या कुळातील भाषांत ध्वनी कसे बदलत गेले याचा नियम दाखवला. मूळच्या ‘क्व’सारख्या ध्वनीचा संस्कृतात ‘क’ झाला (कः, किम्, कदा, कुत्र), लॅटिनमध्ये ‘क्व’ राहिला, आणि इंग्रजीच्या शाखेत त्याचा ‘ह्व’ झाला. म्हणजे आपला ‘कोण’ आणि त्यांचा ‘हू’ हे दूरचे भाऊबंद आहेत. मुंबईला गेलेला चुलता कोट घालून गावी आला की आधी ओळखू येत नाही, तसे आपले या शब्दांपुढे होते, एवढेच.

मराठीत हे शब्द त्यांच्या नेहमीच्या जागी बसतात. ‘बस फाट्यावर थांबते.’ ‘बस कोठे थांबते?’ फाटा उचलला आणि त्या जागी ‘कोठे’ ठेवले, काम झाले. इंग्रजीत दोन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रश्नाचा शब्द अगदी पुढे आणायचा, आणि मग त्याच्यामागे मघाचाच उलटा क्रम : ‘व्हेअर डज द बस स्टॉप?’ आपण पहिली पायरी चढतो आणि दुसरी विसरतो. मग ‘व्हेअर द बस स्टॉप्स?’ किंवा ‘व्हॉट यू आर डुइंग?’ असे वाक्य तयार होते. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो हे खरे. पण इंग्रजीच्या दृष्टीने तो प्रश्न उंबरठ्यावरच उभा असतो.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. पुढील दोन प्रश्न पाहा. ‘हू टोल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू टेल?’ पहिल्याचा अर्थ, तुला कोणी सांगितले? दुसऱ्याचा अर्थ, तू कोणाला सांगितलेस? पहिल्यात ‘डू’ नाही, कारण तेथे प्रश्नाचा शब्द हाच कर्ता आहे आणि तो मुळातच पुढे उभा आहे, हलवायचे कोणाला? दुसऱ्यात ‘हू’ हे कर्म आहे, कर्ता ‘यू’ आहे. म्हणून नेहमीची उलटापालट करावी लागते. मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ यांत विभक्तीचा प्रत्ययच सारे सांगून टाकतो. मराठीचा प्रत्यय हा जणू माणसाच्या छातीवरचा बिल्ला. तो रांगेत कोठेही उभा राहिला तरी ओळखता येतो. इंग्रजीने असे बहुतेक बिल्ले काळाच्या ओघात गमावले. तेथे माणूस त्याच्या रांगेतील जागेवरून ओळखला जातो. म्हणून मराठीत ‘सांगितलेस कोणाला तू?’ म्हटले तरी चालते, आणि इंग्रजीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सांगणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल होते.

प्रश्न जेव्हा दुसऱ्या वाक्याच्या पोटात जातो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. ‘व्हेअर डज ही लिव्ह?’ हा प्रश्न. पण ‘तो कोठे राहतो ते मला ठाऊक नाही’ असे म्हणायचे असेल, तर ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.’ येथे ‘डज’ गेला आणि क्रम पुन्हा सरळ झाला. कारण संपूर्ण वाक्य काही विचारीत नाही. ते सांगत आहे. पोटातील प्रश्नाने बाहेरच्या विधानाचा मान राखला. कष्टाने उलटा क्रम शिकलेला विद्यार्थी येथे उत्साहाने पुन्हा उलटा क्रम करतो. तो क्रम नेमका कोठे सोडायचा, हे कळणे म्हणजे अर्धे व्याकरण कळणे.

हा भाग केवळ परीक्षेचा नाही, हे मला घरी समजले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो आपोआप माझ्या हाती येतो. गेल्या वर्षी वडिलांच्या नावाने एका कंपनीचे विम्याच्या कामाचे पत्र आले. राहिलेली कागदपत्रे आठ दिवसांत द्यावीत, असे त्यात होते. कोणती राहिली ते मात्र नव्हते. पत्रावरील नंबरला वडिलांनी दोनदा फोन केला. पलीकडून इंग्रजी सुरू झाले की ते ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवीत. आमच्या वडिलांची पिढी कचेरीत जाते ती उत्तरे देण्यासाठी : नाव काय, गट नंबर किती, अंगठा की सही. आपणही काही विचारावे, हे त्यांच्या मनातच येत नाही. तिसऱ्या वेळी मी फोन घेतला. आदल्या रात्री वाक्य वहीत लिहून ठेवले होते : ‘कुड यू प्लीज टेल मी विच पेपर्स आर मिसिंग?’ पलीकडच्या बाईंनी क्षणभर थांबून दोन कागदांची नावे सांगितली. सातबाराचा ताजा उतारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत. दोन्ही आमच्या ट्रंकेतच होती.

त्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक, ‘विच पेपर्स आर मिसिंग’ हा पोटातील प्रश्न. दुसरी, बाहेरचे ‘कुड यू प्लीज टेल मी’. येथे इंग्रजीचा आदर राहतो. मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. ‘तू कोठे चाललास’, ‘तुम्ही कोठे चाललात’, ‘आपण कोठे निघालात’ यांतून वय, नाते, मान सारे कळते. इंग्रजीत एके काळी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता; सतराव्या शतकात ‘दाऊ’ नेहमीच्या बोलण्यातून मागे पडला आणि लहानथोर सर्वांना एकच ‘यू’ उरला. मग मान राखायचा कसा? इंग्रजीने तो प्रश्नाच्या घडणीत राखला. ‘गिव्ह मी द फॉर्म’ ही आज्ञा. ‘विल यू गिव्ह मी द फॉर्म?’ ही विनंती. ‘कुड यू’ म्हटले की विनंती आणखी मऊ होते. आपण मराठीतील ‘मला फॉर्म द्या’ याचे सरळ भाषांतर करतो. मराठीतील ‘द्या’मध्ये आदर असतोच, इंग्रजीतील ‘गिव्ह’मध्ये तो येत नाही. म्हणून मनाने नम्र असलेला आपला विद्यार्थी इंग्रजीत उर्मट वाटतो. दोष स्वभावाचा नसतो. आदर कोणत्या कप्प्यात ठेवायचा ते माहीत नसते.

असाच एक घोटाळा ‘हो’ आणि ‘नाही’चा. समजा, कोणी विचारले, ‘तू फी भरली नाहीस का?’ भरली नसेल तर मराठी माणूस पुष्कळदा म्हणतो, ‘हो, नाही भरली.’ म्हणजे तुम्ही म्हणता ते खरे आहे. आपला होकार समोरच्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीत ‘हॅवन्ट यू पेड द फी?’ असे विचारले आणि फी भरली नसेल, तर उत्तर ‘नो’ हेच. भरली असेल तर ‘यस’. तेथे उत्तर विचारणाऱ्याच्या शब्दांकडे पाहत नाही, घडलेल्या गोष्टीकडे पाहते. मुलाखतीत किंवा दवाखान्यात नुसता ‘यस’ म्हणून थांबले तर अर्थाचा अनर्थ होईल. यावर एक सोपा उपाय असा, की एका शब्दावर थांबू नये. पुढे अर्धे वाक्य जोडावे : ‘नो, आय हॅवन्ट.’

शेपटीच्या प्रश्नांतही आपले बोलणे उघडे पडते. मराठीचा एक ‘ना’ सगळीकडे चालतो. ‘तू येणार ना?’ ‘ती गेली ना?’ ‘पाऊस थांबला ना?’ इंग्रजीत प्रत्येक वाक्याला त्याच्या मापाची शेपटी शिवावी लागते. ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’ ‘शी लेफ्ट, डिडन्ट शी?’ विधान होकारी तर शेपटी नकारी, विधान नकारी तर शेपटी होकारी. आपल्या देशात पुष्कळजण साऱ्याच वाक्यांना ‘इजन्ट इट’ जोडतात. त्याचे मूळ आपल्या भाषांतील या सर्वसंचारी ‘ना’मध्येच असावे, असे मला वाटते. तसेच ‘आय हॅव ए डाउट’ याचे. आपण ‘शंका’ या शब्दाचे भाषांतर ‘डाउट’ करतो. पण मराठीत शंका विचारणे हे आदराने शिकणे आहे, आणि इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे मुख्यतः अविश्वास. परदेशी प्राध्यापकाला वाटेल, या विद्यार्थ्याचा माझ्या सांगण्यावर विश्वास नाही! तेथे ‘आय हॅव ए क्वेश्चन’ म्हणावे.

रूप आणि हेतू यांचा नेहमीच मेळ बसतो असेही नाही. ‘कोणाला ठाऊक?’ हे रूपाने प्रश्न, अर्थाने विधान : कोणालाच ठाऊक नाही. इंग्रजीतील ‘हू नोज?’ तसेच आहे. ‘व्हाय डोन्ट यू सिट डाउन?’ असे कोणी म्हटले तर न बसण्याची कारणे सांगू नयेत. ते ‘बसा ना’ असे आमंत्रण आहे. उलट ‘यू आर लीव्हिंग?’ हे रूपाने विधान, पण सूर चढवला की प्रश्न. सुराच्या बाबतीत सर्वसाधारण रीत अशी, की हो-नाहीच्या प्रश्नात सूर शेवटी चढतो आणि ‘व्हॉट’, ‘व्हेअर’च्या प्रश्नात तो बहुधा उतरतो.

बोलताना सूर आहे, कागदावर काय? मोडीत लिहिलेल्या जुन्या कागदपत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसत. मराठीत ही चिन्हे रुजवण्याचे मोठे श्रेय मेजर थॉमस कॅंडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातही त्यांचा हात होता. आता विचार करा : इंग्रजीत क्रमच बदलत असल्यामुळे प्रश्नचिन्ह गळाले तरी प्रश्न ओळखता येतो. मराठीत ‘बाबा आले’ आणि ‘बाबा आले?’ यांत कागदावर त्या आकडीवाचून दुसरा भेदच नाही. म्हणजे हे चिन्ह साहेबांकडून आले, पण त्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्यालाच अधिक!

शेवटी थोडे सरावाविषयी. नियमांचे तक्ते भिंतीवर लावून प्रश्न विचारता येत नाहीत. ते तोंडात बसावे लागतात. रोज आपल्या आजूबाजूची पाच विधाने घ्यावीत : एस.टी. उशिरा आली, लायब्ररी पाचला बंद होते, सर उद्या येणार आहेत. प्रत्येकाचा आधी हो-नाहीचा प्रश्न करावा, मग ‘व्हेन’ किंवा ‘व्हाय’चा, मग ‘कुड यू टेल मी’च्या पोटात तोच घालावा. पाच विधानांचे पंधरा प्रश्न होतात, आणि ते एस.टी.च्या रांगेत उभे राहूनही मनातल्या मनात करता येतात. मैत्रिणीबरोबर केले तर अधिक चांगले. एकीने सांगावे, दुसरीने विचारावे, आणि मग जागा बदलावी.

जागा बदलणे हेच यातील खरे शिक्षण आहे. विधान करायला माहिती लागते. प्रश्न करायला माहिती नसल्याचे चारचौघांत कबूल करण्याचे धैर्य लागते, आणि ते बोलून दाखवण्यापुरते व्याकरण लागते. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिक्षण आहे, त्यांना हे धैर्य घरातून मिळते. आपल्याला ते वर्गात मिळवावे लागेल. परीक्षेची प्रश्नपत्रिका यापुढेही दुसरेच काढणार आहेत, त्याला इलाज नाही. पण तासाच्या शेवटी ‘एनी डाउट्स?’ ऐकू येईल तेव्हा शेवटच्या बाकावरून एक हात वर यावा. ‘डज’ विसरला तरी चालेल. सर तो दुरुस्त करतील. न विचारलेला प्रश्न मात्र त्यांना दुरुस्त करता येत नाही.